हाताबरहुकूम

कागदवाल्याला चष्मा सापडत नव्हता म्हणून गठ्ठा मी उघडला. एवढंच. तो आतल्या खोलीत टेबलाचे खण उघडझाप करत स्वतःशी पुटपुटत होता, आणि मी उभ्या उभ्या गठ्ठ्याची फीत सोडली. आमच्या वाद्यवृंदाची ही कागदखोली तळघरात आहे; भिंतभर पोलादी कपाटं, प्रत्येक रचनेचा एक गठ्ठा आणि गठ्ठ्यात प्रत्येक वादकाची वेगळी प्रत. तालमीत वादक आपापल्या प्रतीवर पेन्सिलीने खुणा करतात. कार्यक्रम झाला की कागदवाला खोडरबर घेऊन बसतो आणि सगळं स्वच्छ करून गठ्ठा कपाटात टाकतो, असा नियम आहे. हा एक गठ्ठा मात्र खोडायचा राहून गेला होता, कारण त्या कार्यक्रमानंतर ती रचना पुन्हा काढायची कोणाची छातीच झाली नव्हती. तेवीस वर्षं. मी वरचीच प्रत उचलली, पहिल्या ट्रम्पेटची, आणि नको नको म्हणत तो बार शोधला. संगीत लिहिताना उभ्या रेघा मारून त्याचे छोटे तुकडे पाडतात, त्या तुकड्याला आम्ही बार म्हणतो. त्या रचनेतला दोनशे अकरावा बार मला झोपेतून उठवून विचारलात तरी मी सांगेन. त्याच्या डोक्यावर, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'इथे बाईंच्या हाताबरहुकूम. मोजायचं नाही.' दुसऱ्या ट्रम्पेटच्या प्रतीवर तेच. हॉर्नच्या चारही प्रतींवर तेच. ट्रॉम्बोन, तेच. मग व्हायोलिनच्या प्रती, चेलोच्या, बासरीच्या. त्यांवर त्याच जागी, त्याच अक्षरात, 'काही झालं तरी सावरू नका.' अक्षर ओळखायला मला चष्मा लागला नाही. मी नऊ वर्षांची असताना माझ्या वहीत दर आठवड्याला त्याच अक्षरात 'हात हलका ठेव' असं लिहिलं जात असे.

तेवीस वर्षांपूर्वी मी एकतीस वर्षांची होते आणि या शहरात वाद्यवृंदापुढे काठी घेऊन उभी राहणारी पहिली बाई होते. माझ्याआधी चार वर्षं दादा उभे राहत. दादा म्हणजे आमचे पहिले व्हायोलिन, सगळ्या वादकांचे म्होरके. म्हातारे कंडक्टर अंथरुणाला खिळले तेव्हा दादांनी तात्पुरती म्हणून काठी हातात घेतली, आणि तात्पुरती गोष्ट चार वर्षं टिकली की कोणालाही ती आपलीच वाटू लागते. वाद्यवृंद चालवणाऱ्या मंडळाने ती काठी मला दिली. दादा उठून पुढे आले, सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बरं झालं पोरी, माझ्या पायांना आराम." सगळे हसले, मीही हसले. मला वाटलं होतं, ज्याने लहानपणी बोटं धरून व्हायोलिन शिकवलं तो माणूस डाव्या हाताला बसलाय, मग भिऊ कशाला? चूक माझीच होती, ती मी कोणावर ढकलत नाही. ट्रम्पेट आणि हॉर्नवाले बराच वेळ गप्प बसून दोनशे बाराव्या बारला एकदम उठतात, आणि मी माझ्या प्रतीत त्यांच्या इशाऱ्याची खूण एक बार आधी करून ठेवली होती. ते आपले ठोके मोजून बसलेले असत. मी एक बार आधी हात उगारी, ते ढिम्म बसून राहत आणि पुढच्या बारला बिनचूक उठत. बाकीचा वाद्यवृंद त्या वेळी नुसता गर्जत असतो. त्या गदारोळात मला वाटे, मी हात केला आणि ते उठले. अशा तीन तालमी झाल्या. तीनदा मी चुकले, तीनदा त्यांनी मला सावरलं, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. कार्यक्रमाच्या संध्याकाळी मी हात उगारला आणि ते उठले. तिथल्या तिथे, एक बार आधी, पूर्ण दमाने.

लोकांना वाटतं, काठी वाजवते. काठीतून आवाज येत नाही हो. काठी चुकते, थकते, घाईला येते, आणि समोरची चाळीस माणसं त्या चुका मुकाट्याने गिळत असतात. म्हणूनच कंडक्टरला संपवायचं असेल तर वादकांना बंड वगैरे करावं लागत नाही. तो हाताने जे करील तेच वाजवायचं, न गिळता. त्या संध्याकाळी ती पितळी वाद्यं एका बारने पुढे आणि बाकी सगळे एका बारने मागे, असं अकरा बार चाललं. मी मानेने, डोळ्यांनी, डाव्या हाताने विनवलं. माझ्याकडे पाहत होते सगळे, अगदी शाळेतल्या शहाण्या मुलांसारखे, आणि माझ्या हातात असेल तेवढंच वाजवत होते. शेवटी मीच काठी खाली केली. मागे सभागृहात कोणीतरी खोकलं, तो खोकला मला अजून ओळखता येईल. पुन्हा सुरू करून आम्ही ते कसंतरी संपवलं. पडद्यामागे मी दादांकडे गेले, रडत नव्हते, फक्त त्यांनी काहीतरी म्हणावं असं वाटत होतं. ते व्हायोलिनची तार पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "आम्ही तुमच्या हाताबरहुकूम वाजवलं, बाई." त्या दिवसापर्यंत मी 'पोरी' होते.

त्या वेळच्या वर्तमानपत्राने लिहिलं की बाईचा हात हलका पडतो. हलका! ज्याच्यासाठी वयाच्या नवव्या वर्षापासून मार खाल्ला तेच. मंडळाने सहानुभूतीचं पत्र आणि निरोप एकाच पाकिटात दिले. आई पहिल्या रांगेत होती. तिच्या मैत्रिणींना तिने सांगून ठेवलं होतं की मुलगी कंडक्टर झाली, आणि त्यांतल्या दोघींनी कुठल्या बसवर म्हणून विचारलं होतं. घरी येताना आई म्हणाली, "चांगलं झालं की. मधे जरा डोळा लागत होता, तर ते पितळेवाले असे काही ओरडले की खडबडून जागी झाले मी." मी तिच्याशी आठ दिवस बोलले नाही. पुढची एकोणीस वर्षं मी कुठे कुठे हात हलवला ते सांगत बसत नाही: शाळांचे बँड, कारखान्याची गाणारी मंडळी, नाटकाच्या तालमीत पियानोपाशी, लहान लहान गावांतले वाद्यवृंद, जिथे ट्रम्पेटवाला दिवसा दवाखान्यात लोकांचे दात काढतो. एवढं खरं की त्या वर्षांत मी एकही इशारा न तपासता दिला नाही. प्रत तोंडपाठ, मग ती मिटलेली, मग आंघोळ करताना, मग बसमध्ये मांडीवर बोटांनी. माझा हात असा स्वच्छ झाला की नवखा वादकही त्यात चुकेना. लोक म्हणू लागले, या बाईंच्या हाताखाली वाजवताना विचारच करावा लागत नाही. आणि चार वर्षांपूर्वी याच मंडळाने, माणसं बदललेली पण टेबल तेच, मला मुख्य कंडक्टर म्हणून परत बोलावलं. पहिल्या दिवशी मी आत आले तेव्हा दादांनी गजाच्या टोकाने स्टँडवर टकटक केली, वादकांचा टाळी वाजवायचा हा रिवाज, आणि त्यांच्यामागे सगळ्यांनी केली. मला भरून आलं होतं. मी त्या माणसाला मनातल्या मनात कधीच माफ करून टाकलं होतं, कारण माफ करायला त्याने काही केलंच नव्हतं. चूक माझी होती, त्यांनी फक्त सावरलं नाही, आणि सावरणं काही कोणाच्या नोकरीच्या कागदावर लिहिलेलं नसतं. तेवीस वर्षं मी स्वतःला असं समजावत आले. आणि हा बसला होता मधल्या सुट्टीत, प्रती पुढे ओढून, एकेका कागदावर पेन्सिल चालवत, माझ्या चुकीवर छत्री धरायचं सोडून खाली खड्डा खणत.

"सापडला," कागदवाला बाहेर येत म्हणाला. चष्मा त्याच्या कपाळावरच होता. त्याने गठ्ठ्याकडे पाहिलं. "हीच काढायची ना कार्यक्रमाच्या दुसऱ्या भागाला? मंडळाचं म्हणणं आहे, दादांच्या निरोपाला जुनं काहीतरी असावं." मी म्हटलं, ही नको, प्रती फाटल्यात, दुसरी सुचवते. त्याने खोडरबर काढून म्हटलं, "अरे, हिच्यावर तर खुणा आहेत. खोडून ठेवतो." "राहू द्या," मी इतक्या जोरात म्हटलं की तो दचकला. फीत मी स्वतः बांधली. पहिल्या व्हायोलिनची प्रत तेवढी पिशवीत टाकली.

तर असा निरोप ठरला होता: दादा सत्तरीला आले होते, गज थोडा थरथरायचा, आणि जाण्याआधी त्यांना एकदा सगळ्यांच्या पुढे उभं राहून एकट्याचं व्हायोलिन वाजवायचं होतं, मागे वाद्यवृंद, वाद्यवृंदापुढे मी. हे त्यांनीच मागितलं होतं. "तुझ्या हाताखालीच वाजवणार," असं म्हणाले होते, पुन्हा 'तू'वर येऊन, आणि आठवड्यापूर्वी मला त्याचा अभिमान वाटला होता. त्या रात्री जेवताना मी आईला विचारलं, तुला तो कार्यक्रम आठवतो का. आई आता चौऱ्याऐंशीची आहे, आठवायचं तेवढंच आठवते. "कुठला? पितळेवाले ओरडले तो? छान झाला होता." मग माझ्या ताटाकडे पाहून म्हणाली, "कोणाचं डोकं फोडायचं ठरवलंयस?" मी म्हटलं, कोणाचं नाही. "लहानपणी ठरवलंस की अशीच चिवडत बसायचीस. शेजारच्या मुलीची वेणी कापलीस त्याच्या आदल्या दिवशी असंच." खरं म्हणजे मी काहीच ठरवलं नव्हतं. नुसतं आतून काहीतरी तापत होतं आणि ते कुठे ठेवावं कळत नव्हतं. मंडळापुढे तो कागद आपटावा? तेवीस वर्षांपूर्वीची पेन्सिल. म्हणतील, बाई, सोडा आता, म्हातारा माणूस. त्याच्या तोंडावर फेकावा? तो म्हणेल, गंमत होती. मला त्याचं वाईट व्हायला नको होतं. मला त्याचं तेच व्हायला हवं होतं. तोच खोकला, तेच अकरा बार, त्याच्या कानात. आणि ते मागून मिळत नाही.

ते त्यानेच आणून दिलं. पहिल्या तालमीत, संथ भागात, एक जागा आहे जिथे एकासारखे एक दोन बार लागोपाठ येतात. फरक कानाला जवळजवळ कळत नाही, मागचा आधार तेवढा बदलतो. दादांनी एकच वाजवला आणि पुढे गेले. माझ्या हाताने विचार केला नाही, तो त्यांच्याबरोबर उडी मारून गेला. चाळीस जण अर्धा श्वास चुकून माझ्यामागे आले. दादा डोळे मिटून वाजवत होते. त्यांना सगळं आपल्याबरोबरच लागलं, त्यामुळे काही झालं हेच त्यांना समजलं नाही. अशा वेळी रिवाज साधा आहे: चहाच्या सुट्टीत कंडक्टरने जाऊन हळूच सांगायचं, तिथे एक बार राहतोय बघा. एवढं बोलायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात चहाही निवत नाही. मी गेले. ते खुर्चीवर बसून बशीत चहा ओतत होते, हाताला कंप होता म्हणून कप अर्धाच भरलेला. मला पाहून म्हणाले, "काय स्वच्छ चालतो गं हात तुझा आता! मी सांगत नव्हतो, हलका ठेव म्हणून?" मी तोंड उघडलं होतं. शब्द जिभेवर होता, अगदी 'दादा, तिथे' इथपर्यंत. आणि मी म्हटलं, "चहात साखर बरोबर आहे ना?"

दुसऱ्या तालमीत त्यांनी पुन्हा तोच बार गाळला. तिसऱ्यात पुन्हा. दोन्ही वेळा मी उडी मारली, आता ठरवून, त्यांना कळू नये म्हणून अगदी अलगद, आणि वाद्यवृंदही सरावला होता, आता शिवणही दिसत नव्हती. तिसऱ्या तालमीनंतर सगळे गेल्यावर मी माझ्या प्रतीवर, त्या बारच्या डोक्यावर, बारीक अक्षरात लिहिलं, 'इथे लिहिल्याबरहुकूम.' मला वाटलं होतं की सूड म्हणजे रक्त उसळणं, दात-ओठ खाणं. तसं काही नव्हतं. एखादं अवघड पान शेवटी पाठ व्हावं तसं शांत वाटत होतं. मी त्यांना पाडणार नव्हतेच. मी फक्त जे छापलंय ते करणार होते, आणि जगातलं कुठलंही मंडळ त्यात मला दोष देऊ शकलं नसतं. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी एकदा त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन आले, तेवढं कबूल करते. आतून तीच जागा वाजवल्याचा आवाज येत होता, पुन्हा पुन्हा, एकच बार, सुरेल आणि चूक. त्यांची मुलगी आत फुलं लावत होती. मी दारावर टकटक करायला बोट वाकवलं. मग मला पेन्सिलीचा आवाज ऐकू आला, म्हणजे तेवीस वर्षांपूर्वीचा, कागदावर कागदावर कागदावर, आणि मी परत फिरले. पाठीमागे ते तसंच वाजत राहिलं.

सभागृह भरलेलं होतं. आई पहिल्या रांगेत, तिच्यासाठी मुद्दाम उशी आणलेली. रचनेचा पहिला भाग दादांनी सुंदर वाजवला, हेही सांगितलं पाहिजे. गज थरथरत होता पण त्या थरथरीतून त्यांनी काहीतरी वेगळंच काढलं, आणि मी दोनदा विसरले की मी या माणसाचा द्वेष करते. संथ भाग सुरू झाला. जागा जवळ आली तशी माझी पाठ ताठ होत गेली. तो बार आला. तो बार गेला. दुसरा यायचा होता, दादा त्याला ओलांडून पुढच्या सुरावर गेले, डोळे मिटलेले, चेहरा सुखावलेला. माझ्या उजव्या हाताने उडी घ्यायला उचल खाल्ली. मी तो धरला. खरोखर, आतून मनगट धरावं तसा धरला, आणि छापलेला बार दिला, लखलखीत, चार ठोके, एका दिवसात काठी शिकलेल्यालाही कळेल असे. चाळीस माणसांनी एकदम मान वर केली. मला वाटलं, ते त्यांच्याबरोबर जातील. तिन्ही तालमींत तेच केलं होतं, तेच त्यांच्या बोटांत होतं. एक क्षण ते सगळे हवेत होते, दादा आणि मी यांच्या मध्ये. आणि मग ते माझ्याकडे आले. सगळे, एकूण एक. माझा हात इतका स्वच्छ होता की त्यांना दुसरं काही करताच आलं नसावं. दादांच्या सुराखाली चुकीचा सूर आला, मग दुसरा. त्यांनी डोळे उघडले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, पण कडेने दिसत होतं: ते शोधत होते, एक पाऊल मागे, एक पुढे, कानाने चाचपत, आणि आम्ही शांतपणे पुढे चाललो होतो. मी मोजत होते. सहा. सात. आठ. अकरापर्यंत जायचं होतं मला. नवव्या बारला त्यांनी गज तारेवरून उचलला आणि हात खाली सोडला.

मी काठी थांबवली. सभागृहात ती शांतता आली. मी त्या खोकल्याची वाट पाहिली, खरंच पाहिली, मान थोडी मागे वळवून. खोकला आला नाही. एक टाळी आली. मग दुसरी, मग सगळ्यांची, आणि खुर्च्यांचा आवाज; लोक उभे राहत होते. कोणीतरी ओरडलं, "दादा!" बायका डोळे पुसत होत्या. पन्नास वर्षं वाजवलेल्या माणसाचं शेवटच्या दिवशी मन भरून आलं, हात पुढे जाईना, असं त्यांना वाटलं होतं. दादा पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्याने उभे होते. मग त्यांनी वाकून नमस्कार केला. मी मागच्या एका सोयीच्या जागेवरून पुन्हा सुरू केलं, आणि या वेळी तो बार आला तेव्हा त्यांनी डोळे उघडे ठेवून माझ्या हाताकडे पाहिलं, दोन्ही वाजवले, आणि आम्ही शेवटाला एकत्र पोचलो. इतकी टाळी त्या सभागृहात मी कधी ऐकली नव्हती. तेवीस वर्षांपूर्वी हेच झालं तेव्हा माझा हात हलका होता. आज ह्यांचं मन मोठं होतं. एवढं सगळं करून मी त्याला फुलं मिळवून दिली होती.

मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मंडळाच्या अध्यक्षांनी दादांना मिठी मारली, मग माझ्याकडे वळून हळूच, पण हळू म्हणून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई, जरा सावरून घ्यायचं होतंत. त्यांच्या भावना अनावर झाल्या होत्या." माणसं पांगली. दादांची मुलगी गाडी बोलवायला गेली. दादा व्हायोलिन मांडीवर घेऊन बसले होते.

"मन वगैरे काही भरून आलं नव्हतं," ते म्हणाले. "बार गाळला मी."

"हो."

"तालमीतही गाळत होतो?"

"तिन्ही वेळा."

"आणि तू सांगितलं नाहीस."

मी पिशवीतून ती जुनी प्रत काढून व्हायोलिनवर ठेवली. त्यांनी चष्मा लावला. त्या ओळीवरून बोट फिरवलं, मोठ्याने न वाचता. मी तीन आठवडे जपून ठेवलेलं वाक्य बोलले, "मी लिहिल्याबरहुकूम हात केला, दादा." मनात ते फार मोठ्या आवाजात होतं, खोलीत ते साखरेबद्दल विचारल्यासारखं निघालं. त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत, माफी मागितली नाही. "अक्षर चांगलं होतं तेव्हा माझं," एवढंच म्हणाले. तेवढ्यात दार उघडलं, छायाचित्र काढायला माणूस आला, त्याच्यामागे अध्यक्ष, आणि अध्यक्ष म्हणाले, "दादा, वर्तमानपत्रवाले विचारतायत, त्या क्षणी नेमकं काय झालं?" दादांनी प्रत उलटी करून व्हायोलिनखाली सरकवली. माझ्याकडे पाहिलं, सरळ डोळ्यांत. "काय सांगू," ते म्हणाले, "मन भरून आलं." आवाज थोडासा फाटला. मला हवं होतं ते एवढंसं मला तिथे मिळालं: यापुढे कोणीही त्या संध्याकाळचं कौतुक केलं की त्यांना हे खोटं पुन्हा बोलावं लागणार होतं, आणि दर वेळी मी समोर उभी असणार होते. घरी जाताना आई म्हणाली, "छान झालं. मधेच थांबलात ते बरं केलंत, मला शाल नीट घेता आली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागदखोलीत गेले, जुनी प्रत गठ्ठ्यात परत ठेवायला. कागदवाला चष्मा लावून बसला होता, पुढ्यात कालच्या प्रती, हातात खोडरबर, टेबलावर रबराचा चुरा. "काय लिहून ठेवतात एकेक जण," तो म्हणाला, "हे बघा, सगळ्यांनी एकाच जागी." मी त्याच्या हातातली प्रत घेतली. दुसऱ्या हॉर्नची. त्या बारच्या डोक्यावर गोल बाळबोध अक्षरात होतं, 'दादा इथे एक बार गाळतात. त्यांच्याबरोबर जायचं.' खालची घेतली. चेलो, घाईचं अक्षर: 'दादांना सावरा.' बासरी: 'सावरा!' पहिल्या ट्रम्पेटवाल्याने तर बाण काढला होता आणि बाणाखाली, 'हाताकडे पाहू नका.' चाळीस प्रती, चाळीस वेगवेगळी अक्षरं. कोणी कोणाला लिहायला सांगितलं नव्हतं. त्यांतल्या निम्म्या मुलांना तेवीस वर्षांपूर्वीचं काही माहीतही नव्हतं. सगळ्यांनी त्याला वाचवायचं ठरवलेलं होतं, लिहून ठेवलेलं होतं, ते डोळ्यांसमोर असताना मी हात उचलला आणि ते माझ्याबरोबर आले. मी स्टुलावर बसले. त्याच्यासाठी चाळीस जणांनी लिहिलं होतं, आणि माझ्यासाठी एकानेही नाही. रडू आलं ते या हेव्याचं होतं, दुसऱ्या कशाचं नव्हतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

"बरं वाटत नाही का बाई?" कागदवाल्याने विचारलं. मी म्हटलं, खोडू नका हे. "नियम आहे," तो म्हणाला. "माझ्या नावावर मोडा," मी म्हटलं. तो कुरकुरत उठला, जुना गठ्ठा काढला, आणि मी कालच्या प्रती त्याच्यावर ठेवल्या, 'सावरू नका'वर 'सावरा', कडेला कड लावून. कधीतरी कोणीतरी उघडील. त्याने फीत बांधायला घेतली आणि थांबला. माझ्या काखेत माझी प्रत होती, कंडक्टरची, सगळ्यांत जाड. "ही? हिच्यावर आहे का काही खोडायचं?" त्याने रबर पुढे केला. मी तो घेतला. प्रत उघडली, त्या बारशी आले, आणि ते बारीक अक्षर पाहिलं. ते उजवीकडे झुकलं होतं. शिकवणाऱ्याचं वळण हाताला लागतं, हे माझ्या आजवर लक्षात आलं नव्हतं.

"नाही," मी म्हटलं, आणि रबर टेबलावर ठेवला. "हिला सगळ्यांत वर ठेवा."